पेटीच्या तळाशी जून १९९५

पेटी उलटी करा. झाकणावरचं नाव, कडेला चिकटवलेली हिरवी सरकारी पट्टी हा सगळा दर्शनी मामला झाला. कामाची गोष्ट तळाशी आहे. तापल्या लोखंडाने डागलेल्या ओळी दिसतील: आबानोस एस. ए., हेचो एन कुबा, तोतालमेन्ते आ मानो. म्हणजे कंपनीचं नाव, क्यूबात बनवल्याची खूण, आणि सगळं काम हातानेच केल्याची ग्वाही. आबानोस ही कंपनी १९९४ मध्ये निघाली, तेव्हा पेटी त्याआधीची असूच शकत नाही. शेजारी शाईचा पुसट शिक्का आहे, तो उजेडाकडे धरून वाचा. वर एफपीजी, खाली ओएएसएल.

आपल्याकडे जुने कापडवाले थानाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहून ठेवायचे, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. क्यूबाच्या कारखान्यांनी १९८५ पासून तीच युक्ती तारखेसाठी केली. ‘निवेल आकुसो’ या दोन शब्दांत दहा अक्षरं येतात आणि एकही दोनदा येत नाही. एन म्हणजे एक, आय म्हणजे दोन, असं करत शेवटच्या ओ ला शून्य. मग ओएएसएल म्हणजे ०, ६, ९, ५. जून १९९५. आणि एफपीजी हे फ्रान्सिस्को पेरेस हेर्मान, क्रांतीनंतर पार्तागास कारखान्याला मिळालेलं नाव. गाव, कारखाना, महिना, साल, सगळं ठरलं. आता निघायचं.

पण आधी डोक्यावरचा पंखा बंद करा. मुंबईच्या मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, कबूल. पण वाऱ्याखाली सिगार एका अंगाने भराभर जळतो, तापतो आणि कडू होतो. पोटात चार घास असू द्या. उपाशीपोटी एवढा मोठा सिगार ओढणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात घाम फुटतो, गरगरतं, आणि साखरेचा खडा शोधावा लागतो.

झाकण सरकवा. आत पिवळ्या रेशमी फितीने बांधलेली पन्नासाची जुडी होती; आता निम्म्याहून कमी उरली आहे. पार्तागास लुसितानिया. १९४ मिलिमीटर लांब, जाडी ४९. हा जाडीचा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित जास्त. निवांत ओढला तर दोन तास पुरतो. पेटीच्या लाकडाला सगळे सीडर म्हणतात, पण हे लाकूड देवदाराच्या नात्यातलं नाही. सेड्रेला ओडोराटा हे झाड मेलिएसी कुळातलं, आपल्या कडुनिंबाचं आणि महोगनीचं भाऊबंद. तीस वर्षं सिगार आणि हे लाकूड एकमेकांचा वास घेत पडून आहेत.

सिगार उचला. तो वजनाला तुम्हाला वाटला होता त्याहून हलका लागेल. दोन बोटांत हळूच दाबा; किंचित दबून परत वर आला तर ओलावा बरोबर आहे. करकरला तर पेटी कुठेतरी कोरड्या हवेत राहिली होती. टोपीच्या गोलाईवरून नखाएवढीच चकती कापा. खाली उतरलात की वरचं पान सुटायला लागेल. मग न पेटवता एक झुरका ओढून बघा. हवा सहज आली पाहिजे. हे बघून घ्यायला कारण आहे: १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाढत्या मागणीच्या मागे धावताना क्यूबाने इतके चोंदलेले सिगार वळले की २००० नंतर कारखान्यांत ओढ मोजायची यंत्रं बसवावी लागली. तुमचा त्या गर्दीच्या थोडा आधीचा आहे. हवा येते आहे.

सीडरची पातळ ढलपी पेटवा आणि तिच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, सिगारचं तोंड फिरवत राहा. कडेने राखाडी वर्तुळ धरलं की पहिला झुरका. धूर तोंडातच ठेवायचा, छातीत न्यायचा नाही.

आणि काही होत नाही.

पहिल्या इंचाची ही निराशा आधीच सांगून ठेवलेली बरी. तीस वर्षांच्या सिगारकडून लोक तोफेची अपेक्षा करतात. तुमच्या जिभेवर गरम हवा, थोडं लाकूड, थोडी वाळलेली गवताची काडी, बस्स. पार्तागास तर तिखट म्हणून प्रसिद्ध. तो तिखटपणा कुठे गेला? झटकू नका, राख तशीच राहू द्या. मिनिटाला एक झुरका, जास्त नको. राख बोटाच्या पेराएवढी झाली की मागून हलकासा सीडर येतो, मग कोऱ्या चहाचा तुरटपणा, आणि मग मधाचं जेमतेम बोट लागावं तसं काहीतरी. इथे तुम्ही दारात पोचलात.

इंदुस्त्रिया रस्ता, क्रमांक ५२०, हवाना. पाठीमागे कापितोलिओचा पांढरा घुमट. इमारतीच्या माथ्यावर १८४५ लिहिलेलं. जून १९९५ ची सकाळ, अंगाला चिकटणारी. रस्त्यावर मोटारी जवळजवळ नाहीत, कारण पेट्रोल नाही. सोव्हिएत संघ कोसळून साडेतीन वर्षं झाली आहेत आणि सरकार या दिवसांना ‘खास काळ’ म्हणतं. माणसं चिनी सायकलींवर जाताहेत, काही जण ट्रकच्या मागे जोडलेल्या लांबलचक डब्यात उभी आहेत. त्या डब्याला पाठीवर दोन उंचवटे आहेत म्हणून लोक त्याला उंट म्हणतात. न्याहारीला साखरेचं पाणी पिऊन निघालेली पुष्कळ माणसं या गर्दीत आहेत. डॉलर बाळगणं दोन वर्षांपूर्वी कायदेशीर झालं. पगार मात्र पेसोत मिळतो आणि डॉलरमध्ये मोजला तर महिन्याचे मोजकेच भरतात.

जिना चढा. वास तुमच्या आधी वर पोचलेला असतो: ओल्या तंबाखूचा, घामाचा, जुन्या लाकडाचा. वर गालेरा, म्हणजे वळणाऱ्यांचं दालन. शाळेसारख्या बाकांच्या रांगा, एका दिशेला तोंड करून बसलेली शेकडो माणसं, निम्म्याहून अधिक बायका. समोर उंचावर एक टेबल आणि त्याच्यामागे एक वाचणारा. लेक्तोर. सकाळी तो ग्रान्मा हे सरकारी वर्तमानपत्र वाचतो. कागदाच्या टंचाईने ते पार रोडावलं आहे, तेव्हा लवकर संपतं. दुपारी कादंबरी. कोणती, ते कामगार ठरवतात, आणि वाचणाराही त्यांनीच पसंत केलेला असतो. १९३५ मधल्या माँतेक्रिस्तो या ब्रँडचं नाव ड्युमाच्या कादंबरीवरून पडलं, ती वळणाऱ्यांची फार लाडकी होती म्हणून, असं सांगतात.

आज वीज गेली आहे. लेक्तोरचा मायक्रोफोन मेला आहे, पंखे थांबले आहेत, आणि खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात काम चाललं आहे. तो आवाज चढवून वाचतो. मधेच एका वाक्यावर सबंध दालनात टकटकाट होतो: वळणाऱ्यांनी आपापल्या चाव्हेता पाटावर आपटल्या. चाव्हेता म्हणजे मुठीशिवायचं, अर्धगोल धारेचं पोलादी पातं. कापायला, दाबायला, सपाट करायला आणि टाळी द्यायलाही तेच. नापसंती असली तर ती फरशीवर पडते.

तुम्ही एका बाईच्या बाकाशी थांबता. पन्नाशीची असावी. लुसितानियासारखे मोठे आकार नवशिक्याच्या हाती देत नाहीत. ते वळायला वरची श्रेणी लागते आणि तिथे पोचायला वर्षं जातात. तिच्या पुढ्यात पानांचे वेगवेगळे ढीग आहेत. बोलादो, झाडाच्या खालच्या अंगाचं पान, सिगार जळता ठेवायला. सेको, मधलं, सुगंधाला. लिहेरो, शेंड्याचं, उन्हाने जाडसर झालेलं, तिखट. ते सावकाश जळतं म्हणून अगदी मधोमध.

तिच्या हातांकडे नीट बघा. पानं ती गुंडाळत नाही. एकेक पान उभं चुणत, घडी घालत तळहातात रचत जाते, म्हणजे त्या चुण्यांमधून धुराला वाट राहील. लिहेरो बाहेर सरकू देत नाही. एखादी चुणी जास्त घट्ट झाली तर चोंदेल, ढिली राहिली तर आत भोक पडून तापेल. आणि हे तिला डोळ्यांनी दिसत नाही, अंगठ्याला कळतं. मग बांधणीच्या पानाच्या दोन अर्धुकांत ती जुडी वळली आणि साच्यात दाबायला ठेवली. साच्यातून आधीची काढली. आता वरचं पान. ते इतकं लवचीक की ओल्या रेशमासारखं पाटाला चिकटतं. शिरा आत राहतील असं उलटं पसरून चाव्हेताने कड कापली, तिरकं धरून, डाव्या हाताने किंचित ताणत, तळापासून वर फिरवत नेलं. शेवटी त्याच पानाच्या कातरणातून नाण्याएवढी टोपी, बोटावर घेतलेला बिनवासाचा झाडाचा डिंक, एक फिरकी. लांबी मापायच्या पट्टीवर धरली, तोंड सरळ छाटलं, बाजूला ठेवला. पन्नास झाले की त्यांची जुडी बांधली जाईल आणि तिच्यावर तिच्या नंबराची चिठ्ठी लागेल. एवढा मोठा आकार असला तर दिवसभरात शंभरही होत नाहीत.

ती वर बघते, हसते, आणि आत्ता वळलेल्यांपैकी एक तुमच्या हातावर ठेवते. इथे काम करता करता ओढायला मुभा आहे. तिच्याही ओठांत एक ठेंगणा, स्वतःपुरता वळलेला सिगार आहे.

पेटवा. तुमच्या एका हातात तीस वर्षांचा, दुसऱ्या हातात तीस मिनिटांचा, आणि दोन्ही एकच. नवा ओलसर आहे, जड आहे, त्याला पेटायलाच वेळ लागतो. आणि मग दणका. मिरी, शेण-मातीचा ओला वास, हिरवट तुरटी, घशामागे अमोनियाची टोचणी. डोळ्यांत पाणी येतं. ती खूश होते.

तुम्ही तिला जुना दाखवता. हा तुझाच, तीस वर्षं ठेवलेला. ती तो नाकाशी धरते, चाव्हेताच्या पाठीने ठोकून बघते.

“अरे बाबा, तीस वर्षं? तोवर कोण राहणार?” ती म्हणते. “सिगार आज ओढायचा असतो. उद्या वीज नसेल, परवा तंबाखू नसेल.”

तिचं चुकतंय असं म्हणायला जीभ रेटत नाही. पाटावरच्या ताज्या सिगारची मजा वळणाऱ्यांना ठाऊक असते, आणि ती चार-दोन आठवड्यांची असते. पुढे सिगार आजारी पडतो. धंद्यातली माणसं हाच शब्द वापरतात. वळताना दिलेल्या ओलाव्याने आतली पानं पुन्हा आंबायला लागतात, अमोनिया सुटतो, आणि महिनोन्महिने तो ओढण्याजोगा राहत नाही. तो निवळला की खरं मुरणं सुरू होतं. आणि मुरणं म्हणजे मुख्यतः जाणं. अमोनिया जातो. तुरटी झिजते. तिखटपणा बोथट होतो. पानांतली तेलं उडत राहतात. काही नवं येतं तेही आधीचं हटल्यामुळे ऐकू येतं म्हणून. जुन्यात तुम्हाला चहा आणि मध लागला तो या नव्यातही असणार; फक्त या गोंगाटात त्याचा आवाज लागत नाही. हाँगकाँगचे मिन रॉन नी यांनी २००३ मध्ये क्रांतीनंतरच्या हवाना सिगारांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात या मुरण्याचे टप्पे पाडले आहेत आणि अंगाने बळकट सिगारच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दमदारपणे जातात असं म्हटलं आहे. मवाळ सिगार तीस वर्षं ठेवलात तर हाती सुबक जळणारा कागद येतो.

नवा तिच्याच राखदाणीत ठेवा. जुना पुढे ओढा. एव्हाना तो अर्ध्यावर आला आहे, सिगारवरची पट्टी गरम व्हायला लागली आहे, आणि चव भरली आहे: चामडं, भाजलेला बदाम, जिभेच्या कडांना रेंगाळणारी गोडी. या मधल्या अर्ध्या तासासाठी ही सगळी उठाठेव असते.

आणखी मागे चला. फेब्रुवारी १९९२, हवानाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत, त्यात व्हुएल्ता आबाहो, त्यात सान लुईसच्या आसपासची तांबडी रेताड माती. एकरांमागून एकर पांढऱ्या विरळ सुती कापडाच्या मांडवाखाली आहेत. आत शिरा. प्रकाश दुधाळ, हवा कोंदट, पानं तुमच्या खांद्याच्या वर. सिगारच्या वरच्या पानाचं पीक असं कापडाखाली घेतात, म्हणजे ऊन गाळून मिळतं आणि पान रुंद, पातळ, बिनडागी होतं. आतली पानं बाहेर, उघड्यावर. तोडणी खालून वर, एका वेळी दोन-तीन पानं, मग काही दिवसांची विश्रांती, मग पुन्हा. पान मोडताना फट असा आवाज येतो आणि बोटं चिकट काळी होतात.

हे पान कोरोहो वाणाचं आहे. इथूनच जवळच्या एल कोरोहो मळ्यात तो तयार झाला आणि अनेक दशकं हवाना सिगारचा पोशाख तोच होता. पण तो रोगाला हळवा. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीच्या साथीने क्यूबाचं जवळपास सगळं पीक खाल्लं. १९९० च्या दशकाच्या शेवटी कोरोहोला व्यापारी लागवडीतून रजा दिली गेली आणि आबाना २००० यासारखे चिवट संकर आले. तेव्हा तुमच्या बोटांत जे जळतं आहे तसं पान आज पैसे मोजूनही नव्याने मिळायचं नाही. जुन्या सिगारांच्या किमतीला जी काही रास्त कारणं आहेत त्यांतलं हे एक.

पानं सुकवायच्या उंच लाकडी कोठारात बायका सुई-दोऱ्याने पानं जोडीजोडीने ओवून काठ्यांवर टांगतात. दीडेक महिना दारं-खिडक्या हवेप्रमाणे उघडायच्या, मिटायच्या. हिरवं पिवळं होतं, पिवळं तपकिरी. मग पोटातल्या पानांचे ढीग लावून आंबवण. ढीग आतून तापतो, त्यात हात घातला तर चटका बसतो, आणि अमोनियाचा लोट असा येतो की नवखा माणूस दाराबाहेर पळतो. निपाणीच्या वखारीत काम केलेल्या बायकांना हा ठसका समजावून सांगावा लागणार नाही. इथेही पानांची मधली शीर सोलायला बायकाच बसतात, मांडीवर फळी घेऊन. त्यानंतर गठ्ठे बांधून मुरवण: लिहेरोला निदान दोन वर्षं. म्हणजे तुमच्या सिगारच्या अगदी गाभ्यातलं पान त्या जूनमध्येही बाईंच्या पाटावर आलं ते जुनं होऊनच.

राख एकदाची पडली. एका तुकड्यात, घट्ट, करडी-पांढरी. १८६६.

तोच पत्ता, तेच दालन, मात्र खिडकीखाली घोडागाड्या. बाकांवर स्वतंत्र माणसं आहेत तसे गुलामही; क्यूबात गुलामगिरी संपायला अजून वीस वर्षं आहेत. बहुतेकांना अक्षरओळख नाही. डिसेंबर १८६५ मध्ये एल फिगारो कारखान्यात एकाने उभं राहून बाकीच्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली, त्याचा बुडालेला रोज इतरांनी भरून दिला, आणि काही आठवड्यांतच पार्तागासमध्येही वाचन सुरू झालं. तुम्ही आलात तेव्हा मे महिना आहे आणि वाचणाऱ्याची जागा रिकामी आहे. गव्हर्नरचा हुकूम निघाला आहे: कारखान्यांत पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचायला बंदी. ऐकणारी माणसं विचार करतील, वाद घालतील, ही भीती होती आणि ती खरीच ठरली. बंदी टिकली नाही. वाचणारे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या की वेस्ट आणि टॅम्पापर्यंत गेले. होसे मार्ती क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी पैसा आणि माणसं गोळा करायला १८९१ मध्ये टॅम्पाला आला तो सिगार कामगारांकडेच. पुढे १९३१ मध्ये टॅम्पाच्या मालकांनी लेक्तोरचे मंच मोडले आणि रेडिओ लावले. हवानात तो अजून वाचतो आहे.

१४९२ वर फार रेंगाळू नका. नोव्हेंबर महिना, क्यूबाचा उत्तर किनारा, कोलंबसने धाडलेले दोघे रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोर्रेस रानातून परतताहेत. तोर्रेसला अरबी आणि हिब्रू येत होती म्हणून त्याला पाठवलं, कारण पुढे खान महाराजांची भेट होणार अशी कोलंबसची खात्री. खान नाही भेटला. हातात धुमसती वळकटी घेऊन तिचा धूर ओढणारे ताइनो स्त्री-पुरुष भेटले. हिंदुस्थान शोधायला निघालेल्यांना तंबाखू सापडली, आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून तीच हिंदुस्थानला पोचली. १६०४ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून ती घेऊन त्याच्याकडे परतला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, आणि हकिमाने हात धरला. हकीम शहाणा होता. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा सिगारवाल्यांचा आवडता समज आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाला तेवढी वाट पुरते. लुसितानियासारख्या एका सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटात असते जवळजवळ तितकी तंबाखू असते. ज्याला सवय नाही त्याने या सफरीपुरतीसुद्धा लावून घेऊ नये.

परत या, पण थेट नको. मधली तीस वर्षं अजून राहिली आहेत आणि त्यांत बघण्यासारखं जवळजवळ काही नाही. अंधार, सोळा-अठरा अंश तापमान, पासष्ट टक्क्यांच्या आसपास ओलावा. एवढंच, रोज, तीस वर्षं. मुंबईच्या जुलैत खिडकी उघडी टाकून पेटी कपाटात ठेवली असती तर चार महिन्यांत बुरशीने भरली असती. आणि बुरशी परवडली. पानातच तंबाखूच्या किड्याची अंडी असतात. पारा चोवीस-पंचवीसच्या वर काही काळ राहिला की ती फुटतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पाडत किडे एका सिगारमधून दुसऱ्यात जातात. आता क्यूबात निर्यातीआधी पेट्या गोठवून ही अंडी मारतात. १९९५ मध्ये तसं काही नव्हतं. तुमची पेटी वाचली ती कुणीतरी तीस उन्हाळे तापमापकाकडे बघत बसलं म्हणून. जुन्या सिगारवर दिसणारी पांढरी पूड म्हणजे ‘बहर’, तेलांचे स्फटिक, उत्तम मुरल्याची खूण, असं दुकानदार सांगतात. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. पुसून टाका आणि त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

शेवटचा तिसरा हिस्सा. चव परत दाट झाली आहे, पण गोडी मागे हटली आणि लाकूड पुढे आलं. पार्तागासची जुनी मिरी आता कुठे घशात जाणवते, तीही ओळख दिल्यासारखी. एक-दोन झुरक्यांनंतर नुसतंच गरम लागतं. विझवताना चुरडू नका, राखदाणीच्या कडेवर ठेवून द्या. स्वतःच विझेल आणि घाण वास सुटणार नाही.

हिशोब असा झाला. दोन तासांपैकी पहिली वीस-पंचवीस मिनिटं मुकी, शेवटची पंधरा कोरडी, मधला भाग अव्वल. हाच सिगार दहा-बारा वर्षं आधी ओढला असता तर पहिला इंच बोलका असता आणि शेवटाला दम असता. हातांचं कौशल्य, दुर्मीळ वाण, संग्राहकांची शिस्त यांचं कौतुक आपल्या जागी, पण मुरण्याचा कळस या सिगारने मागेच गाठला आणि आता तो उतरणीवर आहे, डौलाने असला तरी. इंदुस्त्रिया रस्त्यावरच्या त्या इमारतीतून कारखानाही २०११ च्या सुमारास हलला. पार्तागास आता हवानात दुसरीकडे वळतात.

तुम्ही सिगार ओढणारे असाल आणि कुणी तीस वर्षांच्या पेटीला दुप्पट-तिप्पट भाव सांगत असेल, तर तिच्या शेजारी पंधरा-वीस वर्षांची चांगली ठेवलेली पेटी आहे का ते विचारा. असेल तर तीच घ्या. वरचे पैसे चवीचे नाहीत, तारखेचे आहेत.